नदीकांठचा अर्जुन

नदीकांठच्या वृक्षांपैकीं वड, उंबर, जांभूळ हे आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. पण त्यांच्याच शेजारीं पाण्याकडे झुकलेला, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचा तो प्रचंड वृक्ष कोणता, असें विचारलें असतां शहरांतील सुशिक्षित मनुष्यहि बहुधा निरुत्तर होतो. तो अर्जुन होय. खेड्यांत त्यास अर्जुनसादडा म्हणतात. पांडवांतील अर्जुनावरून हें नांव पडलें, असें माझे कित्येक विद्यार्थी सांगत. वास्तविक अर्जुन या शब्दाचा अर्थच शुभ्र असा आहे. बाळकृष्णानें उखळ ओढीत नेऊन उन्मळून पाडलेले यमलार्जुन ते हेच.

ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे साल. ती मोठमोठ्या पातळ पापुद्र्यांनीं गळून पडते आणि खालीं गुलाबी छटेचें नितळ खोड दिसतें. याचा सख्खा भाऊ ऐन. त्याची साल काळसर व मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. फळाला पांच पंख दोघांच्याहि असतात, तेव्हां केवळ तेवढ्यावरून निर्णय देऊं नये.

उन्हाळ्यांत पिकलेलीं फळें वेंचून तीन-चार दिवस पाण्यांत भिजत घालावीं, मग पेरावीं. सर्वच रुजतील अशी आशा धरूं नये. उगवण सावकाश व मागेंपुढें होते. रोप पावसाळ्याच्या आरंभीं खोल, ओलसर गाळाच्या जमिनींत लावावें. पुराचें पाणी कांहीं काळ बुडाशीं राहिलें तरी तें त्यास सोसतें, आणि पुढें त्याचीं मुळें कांठाकांठानें पसरून माती धरून ठेवतात. वाढलेला वृक्ष ६० ते ८० फूट उंच होतो. म्हणून घराच्या भिंतीलगत केवळ हौसेखातर तो लावूं नये. नदीचा कांठ सिमेंटनें बांधून तेथें शोभेच्या कुंड्या मांडण्याची जी आवड हल्लीं वाढली आहे, तिच्याविषयीं मी अधिक बोलत नाहीं.

एका गोष्टीविषयीं मात्र बोललेंच पाहिजे. अर्जुनाची साल हृदयविकारावरील औषध म्हणून आयुर्वेदांत प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळेंच कित्येक झाडांचीं खोडें सोललेलीं दिसतात. पानांत तयार झालेलें अन्न आंतल्या सालींतून मुळांकडे उतरतें. आपोआप गळते ती बाहेरची साल. सोलणारा आंतलीहि काढून नेतो. खोडाभोंवतीं पुरें कडें सोललें कीं अन्नाची ही वाट तुटते, मुळें उपाशी राहतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतें. औषध घेणें तें वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावें. आणि नदीवरची ताजी साल आणून देतों असें कोणी म्हणाल्यास, ती कोणत्या झाडाची व खोडाच्या किती भागाची, हें त्यास आधीं विचारावें.