गॅस न पेटवता नाताळचं मार्झिपान

नाताळ जवळ आला की गोव्यात, वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत मार्झिपानची लगबग सुरू होते. पारंपरिक पद्धतीत काजू-साखरेचं मिश्रण मंद आचेवर आटवतात. मुलांना सोबत घ्यायचं असेल, तर गॅस न पेटवताही ते छान जमतं.

200 ग्रॅम काजू मिक्सरमधून थांबत थांबत बारीक करा. सलग फिरवलं तर तेल सुटतं, म्हणून हे काम मोठ्यांचं. पूड चाळायला मुलांना द्या. तीत 150 ग्रॅम पिठीसाखर मिसळा. गुलाबपाणी चमचा-चमचा घालत मऊ गोळा मळा. एकदम ओतलं तर तो सैल पडतो. हवा तर चिमूटभर खायचा रंग घाला.

रबरी साच्याला तुपाचं बोट फिरवा आणि गोळी दाबून भरा. साचा उलटा करून कडा हलकेच वाकवली, की फूल किंवा मासा अलगद तळहातावर उतरतो. तो क्षण मुलांचाच असू द्या.

डबा फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा. आणि शेजारीपाजारी वाटताना, घरात कुणाला काजूची अ‍ॅलर्जी आहे का, हे अवश्य विचारा.