ढोलकपूरचा भीम, गोकुळचा कृष्ण आणि घरातले पालक

(पालकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुट्टीतली दुपार आहे. दूरचित्रवाणी संचापुढे सहा-सात वर्षांचा नातू मांडी घालून बसला आहे आणि मागे आजी मेथी निवडते आहे. पडद्यावर केशरी धोतर नेसलेला, उघड्या अंगाचा छोटा भीम आणि डोक्यात मोरपीस खोवलेला बाळकृष्ण एका मायावी राक्षसाशी झुंजत आहेत. मध्येच जाहिरात लागते आणि नातू मागे वळून विचारतो, "आजी, भीम आणि कृष्ण पहिल्यांदा ढोलकपुरातच भेटले ना गं?" आजी "हो रे बाळा" म्हणते आणि पुढची जुडी हातात घेते.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा 'हो' आहे. आजीला खरे उत्तर ठाऊक नाही असे नव्हे. मूल गप्प बसले आहे, तर बसू द्यावे, एवढाच तिचा विचार असतो. घरोघरी दिवसातून दहा वेळा हा विचार केला जातो आणि त्यातूनच मुलांचे पुराण हळूहळू दुसऱ्याच कुणाच्या हाती जाते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 'छोटा भीम' ही मालिका हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशन या संस्थेची निर्मिती. राजीव चिलका यांनी २००१ मध्ये ही संस्था उभारली आणि २००८ मध्ये पोगो वाहिनीवर ढोलकपूरचा हा नऊ वर्षांचा नायक अवतरला. तत्पूर्वी याच संस्थेने कार्टून नेटवर्कसाठी कृष्णाच्या बाललीलांवर चित्रपट केले होते, त्यांचा आरंभ २००६ चा. कृष्ण आणि भीम अशी दोन्ही पात्रे एकाच छताखाली असल्यावर त्यांना एका कथेत आणण्याचा मोह न होता तरच नवल. पुढे 'छोटा भीम और कृष्णा' या जोडीवर चित्रपटांची रांगच लागली. कधी पाटलीपुत्र, कधी मायानगरी. सुट्ट्यांत ते पुनःपुन्हा दाखवले गेले आणि मुलांनी ते पुनःपुन्हा पाहिले.

दोन निरनिराळ्या मालिकांतील पात्रांना एका कथेत एकत्र आणण्याच्या या प्रकाराला पाश्चात्त्य व्यवसायात 'क्रॉसओव्हर' म्हणतात. अमेरिकेत १९७२ मध्येच स्कूबी-डू या कुत्र्याच्या मालिकेत बॅटमॅन पाहुणा म्हणून येऊन गेला. १९८७ मध्ये अश्मयुगातले फ्लिंटस्टोन कुटुंब आणि भविष्यकाळातले जेट्सन कुटुंब एका चित्रपटात भेटले. २००४ मध्ये जिमी न्यूट्रॉन आणि टिमी टर्नर या दोन मुलांची अशीच गाठ घालण्यात आली. हिशेब सरळ आहे, दोन मालिकांचा प्रेक्षक एका वेळी एका ठिकाणी बसतो. त्यात गैर काही नाही. मात्र स्कूबी-डू आणि बॅटमॅन यांचे परस्परांशी काही नाते नव्हते. त्यांची ओळख लेखकाने करून दिली, तेवढीच. भीम आणि कृष्ण यांची गोष्ट तशी नाही.

कुंती ही वसुदेवाची बहीण. म्हणजे कृष्ण हा भीमाचा मामेभाऊ. महाभारतात त्यांची प्रथम भेट कुठे घडते? पांचाल देशात, एका कुंभाराच्या घरी. लाक्षागृहातून वाचलेले पांडव ब्राह्मणवेषात तिथे उतरलेले आहेत, अर्जुनाने द्रौपदीचा पण नुकताच जिंकला आहे, आणि त्या साध्या घरात कृष्ण व बलराम येतात, आत्याच्या पायांवर डोके ठेवतात. आम्हांला ओळखलेस कसे, असे युधिष्ठिर विचारतो, तेव्हा कृष्ण हसतो. झाकलेला अग्नीही ओळखू येतोच, असे त्याचे उत्तर आहे. ना राक्षस, ना जादू. संकटातून निसटलेली आत्या आणि तिला भेटायला आलेले दोन भाचे. सहा वर्षांच्या मुलाला यातले सर्व काही कळते. आत्या कळते, लपाछपी कळते, वेष बदलणे तर विशेषच कळते. आजीच्या 'हो'च्या जागी हा कुंभारवाडा यायला हवा होता. मेथीची एक जुडी निवडून होईपर्यंत गोष्ट सांगूनही झाली असती.

ढोलकपूरचा भीम म्हणजे पांडव भीम नव्हे, हे निर्मात्यांनी लपवलेले नाही. नाव तेवढे घेतले, बाकी राजा इंद्रवर्मा, राजकन्या इंदुमती, चुटकी, राजू, बोलणारे माकड जग्गू हे सारे कल्पित. परंतु कृष्ण मात्र कृष्णच आहे. एक पात्र कल्पित आणि दुसरे उपास्य, असे दोघे एका चौकटीत उभे राहिले की लहान मूल दोघांना एकाच पातळीवर नेऊन ठेवते. दोष मुलाचा नाही. त्या वयात कल्पित आणि पौराणिक यांतली रेघ मुलाला स्वतःहून दिसत नाही, ती कुणीतरी दाखवावी लागते.

आता लाडवाकडे वळू. या मालिकेत भीम दमला की टुनटुन मावशीचा लाडू खातो आणि त्याच्या दंडात बळ येते. ही युक्ती जुनी आहे. १९२९ मध्ये अमेरिकी व्यंगचित्रात आलेला पॉपॉय नावाचा खलाशी पुढे पालकाची भाजी गिळून असाच बलवान होऊ लागला. पालकाच्या जागी लाडू आला, हे निदान चवीला बरे! पण महाभारतातल्या लहानग्या भीमाचे आणि अन्नाचे नाते कितीतरी अधिक रोमहर्षक आहे. दुर्योधनाने प्रमाणकोटी येथे जलक्रीडेच्या निमित्ताने त्याला विष घातलेले अन्न खाऊ घातले आणि निश्चेष्ट पडलेल्या भीमाला वेलींनी बांधून गंगेत लोटले. तो नागलोकी पोहोचला, सर्पदंशांनी विष उतरले, नागांनी त्याला रसाची आठ कुंडे पाजली आणि आठ दिवसांच्या झोपेनंतर तो बलसंपन्न होऊन परतला. 'छोटा भीम' व्यासांनी केव्हाच लिहून ठेवला आहे, तो असा.

आणि व्यासांचा छोटा भीम निर्दोष नाही. पालकांनी नेमके इथे थांबावे. आदिपर्वातला बाल भीम कौरवांच्या मुलांना पाण्यात बुडवून घुसमटवतो, ती फळे काढायला झाडावर चढली की बुंध्याला लाथ मारून फळांसकट खाली पाडतो. द्वेष नाही, पोरकटपणा आहे, असे व्यास स्पष्ट करतात. पण त्या खोडीतूनच वैराची पहिली ठिणगी पडते. आजच्या शाळांच्या भाषेत सांगायचे तर दांडगाई करणारा मुलगा भीमच होता. महाप्रस्थानाच्या वाटेवर तो कोसळतो, तेव्हा युधिष्ठिर कारण सांगतो की तो अतिभोजन करी आणि इतरांना न जुमानता आपल्या बळाची बढाई मारी. ढोलकपुरात असे होत नाही. तिथे नायक सदैव बरोबर आणि खोडकर सदैव दुसरा कुणीतरी. ते पाहून मूल स्वतःला नेहमी नायकाच्या जागी बसवते. वर्गात ज्याने दुसऱ्याचा डबा पळवला, तोही घरी येऊन भीमच होतो.

तो 'दुसरा कुणीतरी' म्हणजे कालिया. अंगाने आडदांड, खादाड, भीमाचा मत्सर करणारा, ढोलू-भोलूंना पाठीशी घेऊन हिंडणारा. त्याच्या नावातच काळेपणा आहे. जोडीच्या चित्रपटात याच गावात कृष्ण येतो, ज्याच्या नावाचा अर्थच काळा, ज्याला महाराष्ट्राने सावळा म्हणून ओव्या-अभंगांतून आळवले. एकाच पडद्यावर एक काळा देव आणि एक नावाने काळा खलपात्र. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, मुलांच्या मात्र येते. शाळेच्या बसमध्ये सावळ्या रंगाच्या मुलाला 'कालिया' म्हणून हाक मारली जाते, तेव्हा त्या मुलाचे काय होत असेल, हे त्याच्या आईला विचारावे. या चित्रपटाविषयी पालकांनी एकच गोष्ट करायची ठरवली, तर ती ही असावी. मुलाला जवळ घेऊन कृष्ण या नावाचा अर्थ सांगावा, आणि पंढरीचा विठोबा कोणत्या रंगाचा आहे ते विचारावे. यमुनेच्या डोहातला कालिया सर्प काळ्या रंगासाठी दंडित झाला नाही. पाणी विषारी केले म्हणून झाला, हेही सांगावे.

मारामारीविषयी फार काळजीचे कारण नाही. रक्त दिसत नाही, ठोसा बसला की पात्र भेलकांडते आणि मुले हसतात. राक्षस आणि अंधाऱ्या नगरीची दृश्ये मात्र चार-पाच वर्षांखालील मुलांना रात्री त्रास देऊ शकतात. शिवाय जाहिरातींसह हा कार्यक्रम तासाहून अधिक चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडद्यासमोर, कमी असेल तर अधिक चांगले, असे सांगितले आहे. दोन वर्षांखालील बाळाला भात भरवण्यासाठी हा चित्रपट लावून देणे, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

देवादिकांना विनोदी चित्रपटात आणले म्हणून काही सज्जनांना राग येतो. अशा चित्रांवर बंदी घाला, अशी मागणीही होते. ती पटण्यासारखी नाही. महाराष्ट्राने कृष्णाभोवती भरपूर हसून घेतले आहे. पेंद्या भागवतात शोधून सापडत नाही. तो मराठी काल्याने, गवळणींनी आणि लोकनाट्याने कृष्णाला दिलेला लंगडा, भाबडा सवंगडी आहे. तमाशाच्या गवळणीतली मावशी प्रत्यक्ष देवाची टिंगल करते आणि समोरचा भाविक श्रोता मनमुराद हसतो. कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर रंगमंचावर येतो, तो आधी लोकांना पोटभर हसवतो. विनोदाने या देवांचे काही बिघडले नाही. फरक एवढाच की त्या हसणाऱ्या श्रोत्याला मूळ कथा पाठ होती. विनोद कशावर चालला आहे, हे त्याला ठाऊक होते. आजच्या मुलाला विनोद आधी मिळतो आणि कथा मिळतच नाही.

कृष्णाच्या भूमिकेत मात्र खरी उणीव आहे, आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. चित्रपटातला कृष्ण हा अडचणीच्या वेळी धावून येणारा चमत्कारी मित्र आहे. महाभारतातला कृष्ण भीमाला बळ देत नाही, जाण देतो. जरासंधाशी भीमाचे मल्लयुद्ध दिवसामागून दिवस चालते. तेव्हा कृष्ण स्वतः हात लावत नाही, भागवताच्या कथेप्रमाणे तो एक डहाळी उचलून तिची उभी चिरफळी करून दाखवतो. बघणाऱ्या भीमाने काय ते ओळखायचे. मुलाला ही गोष्ट सांगताना डहाळीपाशी थांबावे आणि भीमाला काय कळले असेल, असे विचारावे. उत्तर येतेच.

निरनिराळ्या कथांतले वीर एकमेकांना भेटवण्याची हौस आपल्या कथाकारांनाही होती. रामायणातला जांबवान भागवतात स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी अठ्ठावीस दिवस झुंजतो आणि अखेर आपला स्वामीच समोर आहे हे ओळखतो. वनपर्वात द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारे माकड शेपूट पसरून पडलेले असते. भीम गुरकावतो. माकड म्हणते, वार्धक्यामुळे उठवत नाही, शेपूट बाजूला करून जा. भीम आधी तुच्छतेने डावा हात लावतो, मग दोन्ही हात लावतो, घामाने निथळतो, भुवया चढतात, पण शेपूट हलत नाही. मुले इथे खदखदून हसतात. ते माकड म्हणजे हनुमंत, आणि दोघेही वायुपुत्र, म्हणजे भाऊच! जगातल्या कोणत्याही चित्रवाहिनीला हेवा वाटावा असा हा प्रसंग, त्यात कुणाला ठोसा लागत नाही आणि भीमाचा गर्व मात्र जातो.

आई-वडील दोघेही नोकरीला, आजी-आजोबा गावी, संध्याकाळी सात वाजता थकून घरात पाऊल टाकायचे, ही अडचण खोटी नाही. तीवर उपदेशाचा मारा करण्यात अर्थ नाही. पण हे चित्रपट पुनःपुन्हा लागतात आणि मुले ते पुनःपुन्हा पाहतात, हीच सोय आहे. पहिल्या वेळी मुलाला निवांत पाहू द्यावे. दुसऱ्या वेळी रविवारी शेजारी बसावे आणि जाहिरात लागली की आवाज बंद करून एक गोष्ट सांगावी. आज कुंभाराचे घर, पुढच्या खेपेस शेपूट, त्यानंतर एकचक्रा नगरीत गाडाभर अन्न स्वतःच फस्त करणारा भीम आणि मागून त्याच्या पाठीत बुक्क्या घालणारा बकासुर. जाहिरातीची पाच मिनिटे यासाठी पुरतात. गावी असलेल्या आजीला दूरध्वनी लावून तो मुलाच्या कानाशी धरला, तरी चालते.

मूल थोडे मोठे झाले की ढोलकपूर नकाशात कुठे आहे, असे विचारील. ते नाही, असे सांगावे लागेल. जरासंधाचे गिरिव्रज मात्र आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातले आजचे राजगीर ते हेच. टेकड्यांवरून गेलेली प्रचंड दगडांची जुनी तटबंदी तिथे अजून दिसते आणि जरासंधाचा आखाडा म्हणून एक जागाही दाखवतात. काशी-गयेच्या यात्रेला महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे जातात. गयेहून राजगीरला जाऊन एका दिवसात परतता येते. मुलाला तिथे न्यावे आणि त्या आखाड्यापाशी जमिनीवर पडलेली एखादी काडी उचलून त्याच्या हातात द्यावी.