रात्रीची नोकरी, परका मुलूख

अमरावती हे जिल्ह्याचे ठिकाण खरे; पण मुंबई–हावडा ही मोठी लाइन अमरावतीच्या वाट्याला आली नाही, ती बडनेऱ्यावरून गेली. त्यामुळे मोर्शीचा माणूस असो की चांदूर बाजारचा, लांबच्या गाडीसाठी पुष्कळदा बडनेराच गाठावे लागते. संध्याकाळी नागपूर सोडणारी विदर्भ एक्स्प्रेस रात्री इथे येते आणि सकाळी मुंबईला पोचते. तिची वाट पाहताना फलाटावर एक संभाषण आपणही ऐकले असेल. एखादी म्हातारी शेजारच्या तरण्या पोरीला विचारते, "कुठी चाल्ली वं माय?" पोरगी म्हणते, "मुंबईले. नोकरी लागली." "बरं झालं बाप्पा!" असे म्हणून म्हातारी गाठोडे आवरते आणि बोलणे तिथेच संपते. नोकरी कोणी लावून दिली, त्याचे किती देणे झाले, आणि पगार कोणाच्या हातात पडणार, हे तीन प्रश्न कोणी विचारीत नाही. आज मला या तीन प्रश्नांविषयीच आपल्याशी बोलायचे आहे. आणि तेही अशा एका नोकरीच्या निमित्ताने, की जिचे नाव चारचौघांत काढायला आपण संकोचतो.

ही नोकरी रात्रीची. दवाखान्यातली किंवा गिरणीतली रात्रपाळी नव्हे. लोक दिवसाचे काम आटोपून करमणुकीला आणि खाण्यापिण्याला बाहेर पडतात, त्यांची सरबराई करण्याची ही नोकरी. जपानात तिचा फार मोठा पसारा आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या वऱ्हाडाचा नि जपानचा संबंध काय? संबंध आता आला आहे. कुशल कामगार पाठवण्याविषयी भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, हॉटेलातले काम अशा कामांसाठी त्या देशाला तरुण माणसे हवी आहेत. कोणी भाषा शिकायला विद्यार्थी म्हणून जातात. टोकियोच्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली तिथल्या वॉर्डसभेवर निवडूनही आले. तेव्हा बडनेऱ्याहून निघालेली वाट टोकियोला पोचू शकते, ही काही आता गोष्टीतली गोष्ट राहिली नाही.

समजा, तुमच्याच घरची मुलगी अशी विद्यार्थिनी म्हणून गेली. शेत गहाण ठेवून फी भरली. विद्यार्थ्याला तिथे वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येते. तेवढ्यात खोलीचे भाडे निघते, पण घरचे कर्ज फिटत नाही. मग कोणीतरी सांगते, अमुक गल्लीत बार आहे, तिथे तासाला दुप्पट मिळतात. करायचे काही नाही, गिऱ्हाइकाजवळ बसायचे, पेला भरायचा, गोड बोलायचे, गाणे म्हणायचे. हे काम करणारीला तिथे होस्टेस म्हणतात आणि या सगळ्या व्यवसायाला 'मिझु शोबाई', म्हणजे पाण्याचा धंदा. आज आले, उद्या वाहून गेले, असा त्याचा पैसा. गिऱ्हाइकाने नाव घेऊन बोलावले तर वर काही मिळते. त्याच्याबरोबर बाहेर जेवून मग त्याला बारमध्ये आणले तर आणखी मिळते. ठरलेला आकडा भरला नाही, तर पुष्कळ ठिकाणी दंड कापतात.

आता मुख्य गोष्ट ऐका. हे काम जपानात बेकायदा नाही. १९४८ च्या कायद्याखाली परवाना घेऊन असे बार चालतात. पण विद्यार्थी म्हणून आलेल्या परदेशी माणसाला तिथे काम करण्याची सक्त मनाई आहे. गिऱ्हाइकाजवळ बसणे तर सोडाच, तिथली भांडी विसळली तरी तो गुन्हा ठरतो, आणि देशाबाहेर पाठवणी होऊ शकते. म्हणजे धंदा कायदेशीर, गिऱ्हाईक कायदेशीर. बेकायदा ठरते ती नवखी पोर! आणि जो बेकायदा, तो पोलिसाकडे जात नाही. पगार बुडाला तरी जात नाही, अंगावर हात पडला तरी जात नाही. २००० साली टोकियोच्या रोप्पोंगी भागात होस्टेसचे काम करणारी एक २१ वर्षांची इंग्रज तरुणी एका गिऱ्हाइकाबरोबर बाहेर गेली आणि परतलीच नाही. तिचा मृतदेह पुढच्या वर्षी सापडला. ती पर्यटकाच्या व्हिसावर होती. त्यानंतरच्या तपासात जुने अत्याचारही बाहेर आले. ते इतकी वर्षे झाकून का राहिले, हे आता निराळे सांगायला नको.

दुसरी वाट कायदेशीर होती. तिचे काय झाले, तेही पाहू. फिलिपीन्समधल्या हजारो स्त्रिया 'कलावंत' म्हणून रीतसर परवान्यावर जपानला जात. २००४ साली त्यांची संख्या ८० हजारांच्या वर होती. कागदोपत्री महिन्याला निदान २ लाख येन पगार असायला हवा होता. पण मध्ये दलाल असे. प्रवासाचा, शिकवणीचा, कपड्यांचा खर्च तो आधी करी आणि पगारातून वळता करून घेई. पासपोर्ट पुष्कळदा मालकाजवळ राही, आणि पगार परतीच्या दिवशी, विमान पकडताना हातावर ठेवला जाई. मधल्या काळात काम सोडावेसे वाटले तरी सोडणार कशी?

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी माणसे आपण पाहतो. मुकादम आधी उचल देतो आणि मग अंगावरची उचल फिटेपर्यंत माणूस त्याचा होऊन राहतो. श्रोतेहो, टोकियोच्या झगझगत्या दिव्यांखाली काय किंवा वीटभट्टीच्या धुरात काय, उचल ती उचल, आणि मुकादम तो मुकादम. भाषा तेवढी बदलते.

पुढे अमेरिकेच्या सरकारने २००४ साली माणसांच्या व्यापाराविषयीच्या आपल्या अहवालात जपानवर ठपका ठेवला. त्यावर जपानने २००५ मध्ये कलावंतांच्या परवान्याचे नियम एकदम कडक केले. दोन वर्षांत फिलिपीन्समधून येणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्याही खाली आली. सरकारने म्हटले, आम्ही या बायांना सोडवले. त्या सुमारास रासेल पारेन्यास या अभ्यासक बाईंनी स्वतः टोकियोच्या एका बारमध्ये काम करून या स्त्रियांची हकीकत लिहून काढली. त्यांचे म्हणणे असे, की बहुतेक जणी फसवून आणलेल्या नव्हत्या. पण दलालाच्या करारात बांधलेल्या होत्या. तो बांध सोडवायचा, तर सरकारने नोकरीच काढून घेतली.

हे वाचून जपान्यांना हसू नये. त्याच २००५ साली आपल्या महाराष्ट्राने तेच केले. मुंबईच्या डान्सबारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्यांतल्या कितीतरी परमुलखातून आलेल्या होत्या. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश इथल्या, पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या, आणि काही आपल्याकडच्याही. बहुतेक ठिकाणी ठरलेला पगार नसे. अंगावर उडवलेल्या नोटांत मालकाचा वाटा आधी निघे. ऑगस्ट २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन हा नाच बंद झाला. मात्र तीन तारे आणि त्यांवरच्या हॉटेलांना त्यातून सूट होती! नाच तोच, पण गादी मऊ असली की नीती बिघडत नाही, असा त्याचा अर्थ झाला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. मग २०१४ मध्ये सरकारने सूट काढून पुन्हा बंदी घातली, २०१६ मध्ये नवा कायदा केला, आणि १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या पुष्कळ जाचक अटी काढून टाकल्या. नोटा उडवण्याला मात्र मनाई ठेवली.

निकाल लागायला चौदा वर्षे लागली. पोट चौदा वर्षे थांबत नाही. त्या वेळी बारबालांची संख्या ७५ हजार सांगितली जाई. त्या सगळ्यांना दुसरे काम कोण देणार होते? काही जणी गावी परतल्या, काही आखाती देशांतल्या बारमध्ये गेल्या, तर काही जणी ज्या धंद्यापासून त्यांना वाचवायचे होते, त्याच धंद्यात ढकलल्या गेल्या. उजेडातले दार लावले की माणूस अंधारातले दार शोधतो.

मी या नोकरीची भलामण करीत नाही. माझ्या मुलीने ती करावी असे मला वाटणार नाही, आणि तुम्हालाही वाटणार नाही. पण धोका कुठे आहे, हे तरी नीट ओळखू या. धोका रात्रीत नाही, नाचातही नाही. अंगावरची उचल, दुसऱ्याच्या पेटीतला पासपोर्ट आणि दुसऱ्याच्या मुठीतला पगार, या तीन गाठींत तो आहे. या गाठी जिथे असतील तिथे दिवसाचे कामदेखील कैद होते.

म्हणून घरचे माणूस परमुलखात निघाले, की तीन गोष्टी करा. पहिली, दलालाची नोंदणी पाहा. परदेशात नोकरीला माणसे पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते. आणि विद्यार्थी म्हणून पाठवून वर 'काम मी लावून देतो' म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. दुसरी, पासपोर्ट. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, असे पासपोर्टातच छापलेले असते. तो ठेवून घेण्याचा मालकाला काही एक अधिकार नाही. तिसरी, पगार दर महिन्याला, तिच्याच नावाच्या खात्यात. आणि गाठ पडलीच, तर टोकियोत आपली वकिलात आहे, हे तिला जाण्याआधीच सांगून ठेवा.

चौथी गोष्ट मात्र कोणत्याही कायद्यात नाही. ती तुमच्या उंबरठ्यावर आहे. परक्या गावी फसलेली मुलगी पोलिसाला भिते, मालकाला भिते. पण सर्वांत जास्त ती घरी काय म्हणतील, याला भिते. ती भीती मालकाला चांगली ठाऊक असते, आणि तिच्यावरच त्याचा धंदा चालतो. "पैसे पाठव" म्हणून फोन करणारे आपण कधी "जमत नसंल तं ये बाप्पा, कर्जाचं पाहून घेऊ" असे म्हटले आहे का? एवढे एक वाक्य तिच्या पदरात असले, तर कोणत्याही मुकादमाचा निम्मा जोर तिथेच सरतो.

मुंबईहून येणारी गाडीही बडनेऱ्याला थांबते. तिच्यातून एखादी पोर उतरली, हातात पैसा नसला, चेहरा उतरलेला असला, तर तिला आधी "काय करत होती तिकडं?" हे विचारू नका. "जेवली का वं माय?" हे विचारा. बाकीचे तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.