थंड हाय का? माझ्या पहिल्या व्हेंडिंग मशीनची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. एरवी मी कोडिंग, नोकरी, इंटरव्ह्यू यावर बोलतो. आज एका लोखंडी कपाटाबद्दल बोलणार आहे. हे कपाट खामगावात उभं आहे, त्यात पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या आहेत, आणि त्याच्या दारावर माझा मोबाईल नंबर चिकटवलेला आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "दादा, व्हेंडिंग मशीन टाकली तर पॅसिव्ह इनकम होते का?" उत्तर शेवटी देतो, खऱ्या हिशोबासकट. आधी गोष्ट ऐका.

मी मूळचा शेगाव तालुक्यातला. आमचं गाव खारपाण पट्ट्यात येतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा, इथं बोअर मारली तरी पाणी खारट, मचूळ. म्हणून व्हेंडिंग मशीन म्हटलं की तुम्हाला जपान आठवत असेल, मला गावातलं पाण्याचं एटीएम आठवतं. पाचचं नाणं टाका, वीस लिटरची कॅन भरा. माझ्या आईनं स्मार्टफोन शिकायच्या आधी ती मशीन वापरली. तेव्हा आपल्या लोकांना मशीनची सवय नाही, हे मला कोणी सांगू नका.

तशी कल्पना जुनीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं देवळासाठी असं यंत्र लिहून ठेवलंय. वरून नाणं टाकायचं, ते आतल्या दांडीच्या टोकावर पडतं, दांडी कलते, झडप उघडते, पाणी येतं. नाणं घसरून खाली पडलं की झडप बंद. आमच्या गावचं एटीएम आणि हे, दोघांचं लॉजिक एकच. नाणं टाका, मापात पाणी घ्या.

मशीन आली, गिऱ्हाईक नाही आलं

मागच्या एप्रिलमध्ये मी सेकंडहँड मशीन घेतली. १ लाख १० हजार. त्यातले ७० हजार माझे, ४० हजार आईनं भिशी उचलून दिले. बाबा एवढंच म्हणाले, "नोकरी हाय ना तुले? मंग हा कुल्फीवाल्याचा धंदा कायले?"

आत काय असतं ते थोडक्यात. खाली कॉम्प्रेसर, म्हणजे फ्रिज. वर ट्रे, ट्रेमध्ये स्प्रिंगसारखे गोल वेटोळे, प्रत्येकाला एक मोटर. पैसे आले की मोटर एक फेरा फिरते आणि पुढची बाटली खाली पडते. खाली इन्फ्रारेड सेन्सर असतो, बाटली खरंच पडली का ते तो बघतो. हा सेन्सर लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

कागदपत्रं फार नाहीत. मी छोट्या धंद्याची एफएसएसएआय नोंदणी काढली, वर्षाला १०० रुपये फी होती. ऑनलाइन झाली.

आता जागा. मी इंजिनिअर माणूस, डोक्यात एकच गणित: जितकी गर्दी, तितकी विक्री. म्हणून एसटी स्टँडच्या रस्त्यावर एका कॉम्प्लेक्सच्या तोंडाशी मशीन लावली. पहिल्या नऊ दिवसांत किती बाटल्या गेल्या असतील? तेवीस. त्यातल्या चार मी आणि माझ्या मित्रांनी घेतल्या.

वीस पावलांवर कोल्ड्रिंकचं दुकान होतं. तिथं माणूस हात पुढं करतो, बाटली मिळते, सुट्टे मिळतात, ओळख असेल तर उधारीही मिळते. माझ्याकडं फोन काढा, स्कॅन करा, नेटची वाट बघा. घाईतला माणूस मशीनपुढं कशाला उभा राहील?

एक गंमत मात्र झाली. मशीनमध्ये नाण्यांची सोय होती. आपल्याकडं दहाचं नाणं दुकानदार घेत नाहीत. कोणता खरा, कोणता खोटा, अशी अफवा कित्येक वर्षं चालू आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात, तरी नाही. मग एक आजी रुमालात बांधलेली नाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मानूस घेत नाही, हे डबडं तरी घेते का पाहतो." डबड्यानं घेतली! पण महिनाअखेर ती सगळी नाणी माझ्याकडं, आणि माझा डिस्ट्रिब्युटर घेईना. शेवटी पिशवी घेऊन बँकेत गेलो.

"हे तं चहा हाय बाप्पा"

मे महिना. खामगावचा मे तुम्हाला माहीतच आहे. सकाळी अकराला मी मशीन गच्च भरली. बाटल्या टेम्पोतून उतरलेल्या, हाताला गरम लागत होत्या. मला वाटलं, फ्रिज आहे ना, तासाभरात थंड होईल. एकाला लाईट गेली. तीनला आली.

साडेतीनला एक दादा आले. स्कॅन केलं, बाटली घेतली, गालाला लावली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हे तं चहा हाय बाप्पा."

त्या दिवसापासून मशीनपुढं येणारा प्रत्येक माणूस आधी एकच प्रश्न विचारायचा: "थंड हाय का?" पेमेंट कसं करायचं हे कोणी विचारलंच नाही. मी मात्र दोन महिने पेमेंटच्या स्क्रीनवर घालवले होते. बटणाचा रंग चार वेळा बदलला होता.

आता ऐका. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटरवाल्यांनी कोका-कोलाची मशीन नेटवर्कला जोडली. इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंचा इतिहास सांगताना हे उदाहरण नेहमी येतं, आम्हालाही बीटेकला होतं. ती मशीन दोन गोष्टी सांगायची: बाटल्या आहेत का, आणि नव्या भरलेल्या बाटल्या थंड झाल्या का. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि स्वतःच्या मशीनमध्ये टेम्परेचर सेन्सर लावला नव्हता.

मग लावला. आता दारावर मोठ्या आकड्यात आतलं तापमान दिसतं. बाटल्या रात्री भरतो, दुपारी नाही. स्टॅबिलायझर घेतला, कारण आपल्याकडं लाईट जाताना एक त्रास आणि येताना दुसरा. तापमान १० अंशांच्या वर गेलं की मशीन विक्री बंद करते आणि "थोडं थांबा" दाखवते. या एका गोष्टीनं जो फरक पडला तो बटणाच्या रंगानं पडला नसता.

एमआरपीची भिंत

यूट्यूबवर बाहेरच्या देशांचे व्हिडिओ बघून धंद्यात उतरणाऱ्यांनी हे नीट ऐका. जपानमध्ये पेयांच्या वीस लाखांहून जास्त मशिनी आहेत. तिथं कोपऱ्यावरच्या मशीनचा भाव सुपरमार्केटपेक्षा जास्त असू शकतो, सोयीचे पैसे लावता येतात. आपल्याकडं बाटलीवर एमआरपी छापलेली असते, त्याच्यावर एक रुपया घेतला तरी गुन्हा. म्हणजे लाईट, जागा, दुरुस्ती, सगळं खरेदी आणि एमआरपीच्या मधल्या फटीतून काढायचं. मोठ्या कंपनीच्या २० रुपयांच्या कोल्ड्रिंकमागं मला साधारण ४ रुपये सुटतात. पाण्याच्या बाटलीमागं ९. म्हणून माझ्या मशीनमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं.

मग प्रश्न असा, की त्याच भावात माणूस दुकानाऐवजी मशीनकडं कधी येईल? जेव्हा दुकान बंद असेल तेव्हा.

अभ्यासिका

मी ज्या अभ्यासिकेत लॅपटॉप घेऊन बसायचो तिथं उत्तर समोरच होतं. पोलीस भरती, एमपीएससी, तलाठी, सगळी पोरं-पोरी रात्री बारापर्यंत. खालची टपरी आठला बंद. दहानंतर पाण्याची बाटली हवी असेल तर गाडी काढा. मुलींना तर रात्री बाहेर पडणंच नको वाटतं. जूनमध्ये मशीन तिथं जिन्याखाली हलवली. पहिल्या आठवड्यात रोजच्या तीस बाटल्या गेल्या.

पण खालच्या टपरीवाल्या काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. चार वर्षं त्यांच्याकडं चहा प्यायलो होतो. तिसऱ्या दिवशी मीच गेलो. ते ग्लास विसळत म्हणाले, "तू शिकेल पोरगा हायेस, तुले पगार हाय. माह्या पोटावर कायले येतं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी विचार करून परत गेलो. मी तर महिन्यातले आठ-दहा दिवस पुण्याला असतो, मशीन भरायला माणूस लागतोच. म्हटलं, काका, चावी तुमच्याकडं. माल तुमच्या डीप फ्रीजमध्ये आधी थंड करा, रात्री दुकान लावताना मशीनमध्ये भरा. बाटलीमागं २ रुपये तुमचे. दिवसा तुमची टपरी उघडी असेल तेव्हा मशीनमध्ये फक्त पाणी चालू, कोल्ड्रिंक रात्री आठनंतर. ही वेळ लावणं म्हणजे कोडच्या पाच ओळी. ते लगेच हो म्हणाले नाहीत. आठवडा घेतला.

२६ रुपये

आता तो सेन्सर. धुळीमुळं तो चुकीचं सांगायचा. बाटली पडली तरी "पडली नाही" म्हणायचा आणि पैसे परत जायचे. माझं नुकसान होत होतं म्हणून मी तो चेकच बंद करून ठेवला. आपण कोडर लोक करतो ना, "नंतर बघू" अशी कमेंट टाकून, तसं.

ऑगस्टमध्ये मी पुण्यात होतो. रात्री पावणेअकराला फोन आला, माझा सायलेंटवर. सकाळी मेसेज पाहिला: "सर, २० रुपये कटले, बॉटल अटकली. माझ्या खात्यात २६ होते."

मी तो मेसेज दोन-तीनदा वाचला. लगेच पैसे पाठवले, काकांना सांगून बाटलीही दिली. पण रात्रभर त्या पोराकडं ६ रुपये होते, आणि कारण माझी कमेंट केलेली ओळ होती. त्याच दिवशी चेक परत चालू केला. आता काका रोज सेन्सर कापडानं पुसतात. चुकून एखाद्याला फुकट बाटली जाते, जाऊ दे. नंबर मोठ्या अक्षरात लावला, आणि तो फोन आता सायलेंट नसतो.

हिशोब

चांगल्या महिन्याचा सांगतो. रोज सरासरी ४० बाटल्या, २२ पाण्याच्या, १८ बाकीच्या. दिवसाला २७० रुपये सुटतात, महिन्याला ८,१००. काकांचे २,४००. लाईट अंदाजे २,१००. अभ्यासिकेला जागेचे ५००. माझ्या हातात ३,१००. या वेगानं मशीनचे पैसे फिटायला साधारण तीन वर्षं, तेही काही बिघडलं नाही तर. पावसाळ्यात आणि थंडीत विक्री निम्मी होते. आईच्या भिशीचे ४० हजार मी पगारातून फेडतोय, मशीनमधून नाही.

तर पॅसिव्ह इनकम? काका रोज रात्री पाऊण तास राबतात, मी रोज फोन उचलतो. ज्यांना सुरू करायचंय त्यांना एवढंच सांगेन: मशीन घ्यायच्या आधी महिनाभर त्या जागेवर रात्री जाऊन बसा. कोण तहानलेलं राहतं ते मोजा. आणि उसने पैसे घालू नका.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. कोल्ड्रिंकपेक्षा चहाची मशीन कितीतरी जास्त कमावते. चहाच्या कपावर एमआरपी नसते. अभ्यासिकेचे मालक मला दोनदा म्हणाले, चहाची मशीन लाव. मी नाही म्हटलं. पण मी नाही लावली तर उद्या दुसरा कोणी लावेल, हे मलाही कळतं आणि काकांनाही. परवा मशीन भरता भरता त्यांनीच विषय काढला. "चहाचीबी येते म्हने मशीन?" मी म्हटलं, येते काका. ते थोडं थांबले, दार लावलं, आकडा बघितला आणि म्हणाले, "सात डिग्री. थंड हाय." आणि चावी खिशात टाकून घरी गेले.

चला मित्रांनो, आज इथंच थांबतो. उन्हात फिरत असाल तर पाणी पीत राहा. भेटू पुढच्या भागात.