पथ्य करायचं कुणी?

(वस्तीतील महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकले आणि आजारी बायकांसोबत दवाखान्याच्या रांगेत बसणं हे माझं निम्मं काम झालं. तिथे जे कळलं, ते सांगते.

सांधे दुखले की आपण म्हणतो, वय झालं. पण आमवात, म्हणजे डॉक्टरांचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, तिशी-चाळिशीतही गाठतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी बोटं वळत नाहीत, कणीक मळता येत नाही.

अशाच एका ताईंबरोबर गेले होते. वय ३८, हिमोग्लोबिन ८. घरच्यांनी पथ्य घातलेलं : आंबट बंद, दही-ताक बंद, डाळी वातूळ म्हणून बंद. "मग जेवता काय?" "भाकरी-चटणी. वर चहा." नवऱ्याला मधुमेह. त्यांच्या पथ्यासाठी वेगळी भाजी शिजते, आणि ती या सुजलेल्या हातांनीच चिरतात!

लिंबू-आवळ्याने लोह अंगी लागतं, जेवणाबरोबरच्या चहाने ते अडतं. म्हणजे हवं ते बंद आणि नको ते चालू. एखादीला एखादा पदार्थ खरंच बाधत असेल तर तिने तो सोडावा. पण या सरसकट यादीने आमवात बरा होत नाही.

सहा महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही त्यांचं रक्त वाढेना. "गोळ्या फेकून देत असाल," असं त्यांना ऐकवलं गेलं. खरी गोष्ट अशी, की अंगात सूज असली की यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य जास्त बनवतं. ते आतड्यातलं लोह रक्तात येऊ देत नाही, साठ्यातलंही अडवून धरतं. कणगीत धान्य आहे, पण कुलूप लागलंय. त्यामुळे सुजेवरचं औषध नीट सुरू व्हायला हवं. शिवाय खरी कमतरताही असतेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. फेरिटिनच्या तपासणीत लोहाचा साठा कळतो, पण सुजेमुळे तो आकडा फुगतो. सोबत सीआरपी, म्हणजे सुजेची तपासणी, करायची का, हे डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका.

औषधांचंही ऐका. आमवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. दिवस राहायचे असतील तर आधीच डॉक्टरांना सांगा, ती गर्भाला घातक आहे. तिच्या जोडीचं फोलिक अॅसिड 'ताकदीची गोळी' म्हणून पैसे वाचवायला सोडू नका. स्टिरॉइड लांबलं तर हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारून घ्या. लोह आणि कॅल्शियम मात्र एका वेळी घ्यायचं नाही.

परवा त्या ताईंकडे गेले. चुलीवर डाळ होती. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगितलंय म्हणून." म्हटलं, चालेल. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर ताई बसल्या, तेव्हा पातेल्यात वरचं पाणी उरलं होतं. त्यावर अजून आमची बोलणी चालू आहेत.