संगणकातला फुटबॉल आणि फळीतला माणूस



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला की बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांवर काहीतरी ऐकावयास मिळणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मी ती मोडणार आहे. मी खेळावर बोलणार आहे. तोही आपल्या मातीतला नव्हे, अमेरिकेतला फुटबॉल, आणि खरे म्हणजे संगणकावर त्याची जी नक्कल करतात ती. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झालेले. तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्यावे.

विषय माझ्याकडे आला तो असा. एक तरुण आमच्या कचेरीत आला. संगणकाचे खेळ बाजारात जाण्यापूर्वी खेळून पाहावयाचे आणि त्यांतले दोष लिहून द्यावयाचे, ही त्याची नोकरी. कंत्राट संपले होते आणि पगार अडकला होता. पगाराचे पुढे मार्गी लागले. पण कागदपत्रांची वाट पाहात बसलो असता त्याने तो खेळ मला दाखविला, आणि मी त्यात गुंतलो तो आजतागायत.

आपल्यापैकी पुष्कळांनी हा खेळ पाहिला नसेल. यात चेंडूला लाथ क्वचितच मारतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चढाई करणाऱ्यांना चार डाव मिळतात, त्यांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. सरकले की पुन्हा चार डाव. क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू हाती घेतो, कोणाला तरी देतो किंवा लांब फेकतो. वर्तमानपत्रात फोटो त्याचा. पण त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची एक फळी असते. त्यांतला मधला चेंडू मागे देतो, एवढे सोडले तर या पाचांचा चेंडूशी सहसा संबंध येत नाही. समोरून येणारा लोंढा थोपवावयाचा, हे त्यांचे काम. फळी दोन-अडीच सेकंद टिकली तर क्वार्टरबॅक शहाणा ठरतो, न टिकली तर तो जमिनीवर असतो. आपल्या कबड्डीत बचावाची साखळी असते ना, तसेच हे. चढाई करणारा निसटतो तो एखादा गडी अशक्त म्हणून नव्हे, दोन हातांमधली पकड सुटली म्हणून.

आता याची नक्कल करावयाची म्हणजे काय? १९६८ साली अमेरिकेत ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’चा पत्त्यांवर आणि फाशांवर खेळावयाचा फुटबॉल निघाला. चढाई करणारा धावण्याचा की फेकीचा डाव ते मनात ठरवी, बचाव करणारा ओळखू पाही. ओळख बरोबर आली तर पत्त्यावरचा एक रकाना वाचावयाचा, चुकली तर दुसरा. साधी गोष्ट, पण खेळाचे मर्म त्या माणसांनी पकडले होते. डाव चांगला की वाईट हे डावात नसतेच. समोरच्याने काय गृहीत धरले आहे त्यात असते. पुढे जपानी ‘टेक्मो बोल’ आला. घरगुती यंत्रावर चढाईचे डाव चारच, आणि बचाव करणाऱ्याने नेमका तोच डाव निवडला की सारी फळी क्षणात कोसळे. मुलांना मजा वाटे, पण फळीला स्वतःचे असे काही काम उरत नसे.

याच सुमारास जॉन मॅडन नावाच्या माणसाने एक हट्ट धरला. ट्रिप हॉकिन्स यांच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीला त्याच्या नावाचा खेळ काढावयाचा होता. मॅडन विमानात बसत नसे, म्हणून आगगाडीत बोलणी झाली. त्या काळच्या संगणकाची ताकद तुटपुंजी. एकेका बाजूला अकरांऐवजी सहा-सात गडी घेऊ, असे कंपनीचे म्हणणे. मॅडनने साफ सांगितले, अकरा नसतील तर तो फुटबॉल नव्हे, आणि माझे नाव त्यावर लागणार नाही. खेळ रखडला आणि अखेर १९८८ साली अकरा गड्यांनिशी बाहेर पडला.

मॅडन प्रशिक्षक म्हणून आणि दूरचित्रवाणीवरील समालोचक म्हणून गाजला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तरुणपणी तो कोण होता? फळीतला गडी! गुडघा दुखावला आणि व्यावसायिक सामना खेळण्यापूर्वीच त्याची कारकीर्द संपली. सात गड्यांच्या खेळात कात्री कोणावर चालली असती, हे त्याला वेगळे सांगावे लागले नसेल. कारखान्यात माणसे कमी करावयाची ठरली की आधी कोणाची नावे निघतात, हे मी तीस वर्षे पाहात आलो आहे.

अकरा गडी आले म्हणजे व्यूह आला, असे मात्र नाही. बिल वॉल्शचेच पाहा. सिनसिनाटी संघात तो सहायक प्रशिक्षक होता. ग्रेग कुक हा लांब फेकणारा क्वार्टरबॅक १९६९ साली खांद्याने जायबंदी झाला आणि जागी आला व्हर्जिल कार्टर, ज्याच्या हातात तेवढा जोर नव्हता. वॉल्शने डोके लढविले. लांब फेक जमत नाही ना, तर मैदानाच्या रुंदीत छोट्या, अचूक फेकी करू. क्वार्टरबॅकने ठरलेली पावले मागे टाकावयाची आणि झेलणारा वळण्यापूर्वीच चेंडू सोडावयाचा, तो माणसाकडे नव्हे, जागेकडे. फळीलाही कमी वेळ तग धरावा लागे. १९७१ साली अचूक फेकींच्या टक्केवारीत हाच कार्टर लीगमध्ये पहिला आला.

हा कार्टर संगणकात कसा बसवाल? माणशी आकडे देण्याची रीत आहे: हाताचा जोर इतका, वेग इतका. या हिशेबाने कार्टर कायमचा दुय्यम. तो मोठा झाला तो पावलांच्या आणि वेळेच्या बांधणीत. ती बांधणी ज्या खेळात नाही, त्यात वॉल्शच्या व्यूहाचे नुसते नाव असते.

दुसरी गोष्ट माहितीची. यंत्राला सर्व ठाऊक असते. आपण कोणता डाव निवडला हेही. त्याचे बचावपटू ते चोरून पाहू लागले तर खेळ संपला. प्रत्येक गड्याला दिसते तेवढेच त्याला कळावे, आणि दिसते ते खोटेही असावे. डिक लेबो या प्रशिक्षकाने हेच हत्यार केले. पुढे घुसणार असे वाटणारा गडी मागे सरकून फेक अडवावयास जाई आणि घुसे भलताच. समोरची फळी ज्याला थोपवावयास सज्ज, तो समोर नाहीच! आणि एकच डाव पुनःपुन्हा यशस्वी होत असेल तर समोरच्याने शिकले पाहिजे. आम्ही एका कारखान्याच्या फाटकावर सभेची एक युक्ती दोनदा चालविली. तिसऱ्या वेळी मालकाने पाळीची वेळच बदलली. त्या तरुणाला असाच एक न हरणारा डाव सापडला होता. त्याने तो दोष म्हणून लिहून दिला होता, पुढे काय झाले ते त्याला कोणी कळविले नाही.

मी त्याला १९८७ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी लीगच्या खेळाडूंनी संप केला. मालकांनी बदली गडी आणून तीन आठवडे सामने चालविले. गणवेश तेच, संघांची नावे तीच. सराव मात्र काही दिवसांचा. चोवीस दिवसांनी खेळाडू करार न मिळता परतले, लढा कोर्टात गेला, आणि संघ निवडण्याचे खरे स्वातंत्र्य १९९३ साली मिळाले. तो इतिहास बाजूला ठेवू. मी त्याला एवढेच विचारले, “बाबा रे, समज बदली गडी अंगाने आणि वेगाने अगदी मूळ गड्यांइतकेच असते, तर तुझ्या खेळाला दोन संघांतला फरक कळला असता काय?”

तो म्हणाला, “नाही काका. समज किती आहे याचा आकडा असतो, पण तो एकेकट्याचा.”

मग त्याने आमच्या पावती-पुस्तकाच्या पाठीवर पाच वर्तुळे ओळीने काढली आणि शेजारच्या वर्तुळांमध्ये चार रेघा जोडल्या. “आकडा वर्तुळांत नको, रेघांवर द्यावा,” तो म्हणाला. “एकत्र सराव झाला की रेघ पक्की होत जाईल. टोकाचा गडी बदलला तर एक रेघ तुटेल. मधला बदलला तर दोन.” मी विचारले, पाचही बदलले तर? त्याने चारही रेघा खोडल्या, आणि मग बराच वेळ, एकेक रेघ किती दिवसांत परत येईल, याचा हिशेब आम्ही दोघे करीत बसलो.