पेशीच्या दारी आलेला निरोप



गेल्या हिवाळ्यात नागपूरहून मुलाकडे आलेल्या एक आजी माझ्याकडे तपासणीसाठी आल्या. दम्याचा जुना विकार. पर्समधला निळा पंप दाखवीत त्या म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, पहिले एका पफमध्ये आराम पडायचा. आता दिवसातून दहादा घेते, तरी दम लागतेच. औषधच नकली आलं का?" औषध अस्सलच होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मात्र शास्त्रज्ञांची कित्येक दशके खर्ची पडली आहेत. ती हकीकत आज आपणांपुढे ठेवतो.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ पटल असते. भीतीच्या प्रसंगी रक्तात उतरणारे ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक या पटलातून आत शिरत नाही. असे असूनही हृदयाची धडधड वाढते आणि श्वासनलिका रुंदावतात. दाराबाहेरचा निरोप आत पोहोचतो तरी कसा?

१९४८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात काम करणारे रेमंड आलक्विस्ट यांनी असे मांडले की, ॲड्रिनॅलिनचा निरोप घेणारे ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, अल्फा व बीटा अशा दोन प्रकारचे असावेत. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्यांचा निबंध नाकारला. अखेर तो शरीरक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. त्याच कल्पनेच्या आधारे ब्रिटनचे जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल हे हृदयरोगावरील औषध घडविले. तरीही रिसेप्टर ही खरोखरीची वस्तू आहे काय, याविषयी अनेक विद्वान साशंकच होते.

ही शंका दूर करण्यात ड्यूक विद्यापीठातील रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांचा मोठा वाटा आहे. रेणूंना किरणोत्सर्गी खूण करून ते पेशीवर नेमके कोठे चिकटतात, हे त्यांनी दाखविले. १९८४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत ब्रायन कोबिल्का हे तरुण डॉक्टर दाखल झाले. मिनेसोटातील एका लहान गावच्या बेकरीवाल्याचा हा मुलगा. अतिदक्षता विभागात काम करताना ॲड्रिनॅलिनचे जीव वाचविणारे सामर्थ्य त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. १९८६ मध्ये या गटाने बीटा-२ रिसेप्टरचे जनुक हाती घेतले. त्यावरून या प्रथिनाची घडण उलगडली आणि सारेच चकित झाले. हे प्रथिन पेशीच्या पटलातून सात वेळा ये-जा करीत होते आणि डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनशी त्याचे साम्य होते. डोळा आणि हृदय एकाच घराण्याच्या प्रथिनांकरवी निरोप घेतात, हे त्यातून उमगले. मानवी जनुकसंचात या घराण्याची सुमारे ८०० जनुके आढळली आहेत, आणि आजच्या औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश औषधे याच रिसेप्टरांवर काम करतात.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात कोबिल्कांनी या रिसेप्टरचे स्फटिक बनविण्याचा ध्यास घेतला. हे प्रथिन अत्यंत नाजूक. पटलाबाहेर काढताच मोडून पडणारे. अनेक वर्षे यश आले नाही. २००७ मध्ये क्ष-किरणांद्वारे त्याची रचना दिसली. २०११ मध्ये तर बाहेर संप्रेरकासारखा रेणू आणि आत जी-प्रथिन, अशा निरोप देण्याच्या ऐन क्षणीचे चित्र मिळाले. जनुकापासून या चित्रापर्यंत २५ वर्षे लागली. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या गुरुशिष्यांना विभागून मिळाले.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. निळ्या पंपातील साल्ब्युटामॉल बीटा-२ रिसेप्टरला चिकटते. रिसेप्टरचा आकार बदलतो, आतले जी-प्रथिन जागे होते, सायक्लिक एएमपी हा दुसरा निरोप्या तयार होतो आणि श्वासनलिकेचे स्नायू सैल पडतात. परंतु तोच निरोप वारंवार येऊ लागला, तर पेशी दार लावून घेते. एक एन्झाइम रिसेप्टरवर फॉस्फेटची खूण करते, अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन त्याचा जी-प्रथिनाशी असलेला संबंध तोडते आणि पुष्कळदा रिसेप्टर पेशीच्या आत ओढून घेतला जातो. ही यंत्रणाही लेफ्कोविट्झ यांच्याच प्रयोगशाळेत उलगडली. शिवाय श्वासनलिकेची मूळ सूज या पंपाने ओसरत नाही. ती आतल्या आत वाढत राहते, आणि तात्पुरत्या आरामामुळे रुग्णाला तिचा पत्ता लागत नाही. आजींच्या बाबतीत हेच घडले होते.

त्यांना मी रोज घ्यावयाचा स्टिरॉइडचा पंप सुरू करून दिला. 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकताच घरातली मंडळी दचकली. श्वासावाटे घ्यावयाची मात्रा अल्प असते व ती थेट फुफ्फुसात जाते. घेतल्यावर चूळ भरावी, एवढेच पथ्य. ते समजावून सांगावे लागले. प्रौढांच्या दम्यावर केवळ निळ्या पंपाने उपचार करू नये, असे २०१९ पासून दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शिकेतही नमूद आहे. दीड महिन्यानंतर आजी जिना चढून आल्या. निळा पंप पर्समध्ये होता, पण आठवड्यात तो एकदाही काढावा लागला नव्हता.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे देशातून आईवडील येतात, ते आपला दम 'मुलांना त्रास नको' म्हणून लपवितात. आज घरी गेल्यावर त्यांच्या पर्समध्ये, उशाखाली एकदा पाहा. महिन्याला एक निळा पंप संपत असेल, तर तो आराम नव्हे, ती धोक्याची सूचना आहे. तो निरोप तरी आपल्या दारावरून परत जाऊ देऊ नका.